तलवाड्यातल्या रिकाम्या बाटल्या

रिकाम्या डब्यांचा धंदा नाकाने करायचा असतो, असं सांगितलं की लोक हसतात. पण बीडच्या मोंढ्याजवळच्या आमच्या दुकानात तराजूच्या आधी नाक चालायचं. डबा समोर आला की झाकण काढायचं, तोंड जवळ न्यायचं आणि लहानसा श्वास घ्यायचा. मोठा घ्यायचा नाही. गोडेतेलाचा डबा असेल तर खवट वास येतो, त्याचं काही वाटत नाही. रॉकेलचा असेल तर लगेच कळतं. आणि तिसरा एक वास असतो, तो आला की मान आपोआप मागे जाते. मला मुख्यतः त्या तिसऱ्या वासाबद्दल सांगायचं आहे. दिवाळी अंक लोक चिवडा खाता खाता वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. किराणा, भुसार, कापड यांत नातेवाईक पुष्कळ. रिकाम्या डब्यांत फक्त आम्ही. माझी सोयरीक ठरवताना मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा कशाचा व्यापार करतो? मध्यस्थाने सांगितलं, तेलाच्या डब्यांचा. ‘रिकाम्या’ हा शब्द त्याने गिळून टाकला. लग्नानंतर बायकोने दुकान पाहिलं तेव्हा तिला कळलं की डबे आहेत, तेल नाही. ती आजही अधूनमधून हा विषय काढते.

धंदा तसा साधा. गिरणीतून तेलाचा पत्र्याचा डबा निघाला की किराणा दुकानात जायचा, तिथून घरात, हॉटेलात नाहीतर लग्नाच्या आचाऱ्याकडे. रिकामा झाला की आमच्याकडे यायचा. आम्ही तो हुंगायचो, ठोकून आवाज ऐकायचो, उन्हाकडे धरून आत बघायचो. बारीक भोक दिसलं तर कथिलाचा डाग देऊन बुजवायचं, सोड्याच्या कढत पाण्यात धुवायचा आणि परत गिरणीला पोचवायचा. एकेक डबा इतक्यांदा फिरायचा की काही डब्यांना मी चेहऱ्याने ओळखत असे. नांदूरघाटचे एक आचारी दर लगीनसराईत यायचे. त्यांना बुंदीच्या तुपासाठी डबा लागायचा, आणि तो आधी तुपाचाच असला पाहिजे हा त्यांचा हट्ट. माझ्या नाकावर त्यांचा भरवसा नव्हता. आम्ही दोघं समोरासमोर बसून डबे हुंगायला लागलो की रस्त्याने जाणारे थांबून बघत राहायचे.

या धंद्यात आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक नेम घालून दिला होता. पिकावर फवारायच्या औषधाचा डबा किंवा बाटली आली तर ती परत द्यायची नाही, घ्यायची. पण विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आधी तिला भोक पाडायचं. त्यासाठी जाड सळईला टोक काढून केलेला एक टोचा गल्ल्याशेजारी ठेवलेला असायचा. भोक पडलेली बाटली कुणी वापरू शकत नाही, ती सरळ भट्टीत जाऊन वितळते. अण्णा म्हणायचे, बाकी सगळं पुन्हा जन्माला येऊ द्या, हे येऊ देऊ नका. त्यांच्या काळात अशी बाटली क्वचित यायची. टोचा बहुतेक वेळ नुसता पडून असायचा.

मग ते दिवस आले, जेव्हा देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून येत होतं. आमच्या दुकानात ते वेगळ्या तऱ्हेने कळलं. गोडेतेल प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं. शाम्पू पुडीत आला, गुटखा पुडीत आला, दूध पिशवीत आलं. वापरा आणि फेकून द्या. लोकांना त्यात सोय वाटली आणि ती होतीही. मी नाव ठेवत नाही. पण पिशवी हुंगून, ठोकून, धुऊन परत गिरणीला देता येत नाही. आमचे डबे कमी झाले आणि बीडच्या नाल्या पिशव्यांनी भरायला लागल्या. त्याच दिवसांत गेवराईकडे कापूस वाढला, त्यावर बोंडअळी आली, आणि फवारणीच्या औषधाची दुकानं गावोगाव निघाली. औषध यायचं ॲल्युमिनियमच्या बाटलीत. आमच्याकडे त्याला जर्मनची बाटली म्हणतात. चकचकीत, हलकी, घट्ट फिरकीच्या झाकणाची. गरिबाच्या घरात इतकी देखणी वस्तू दुसरी नसायची. राखेने घासून लोक तिच्यात पाणी भरायचे, तेल ठेवायचे, रानात चहा न्यायचे. आठवडी बाजारात अशा धुतलेल्या बाटल्या रांगेने मांडून विकायला बसणारी माणसं होती. ती अखंड बाटलीला चांगला भाव देत. आम्ही भोक पाडून वितळण्याचा भाव द्यायचो. लोक कुणाकडे जाणार हे सांगायला नको.

गेवराईकडच्या तलवाड्याच्या सोजरबाई या सगळ्यात माझ्याशी टिकून होत्या. त्या तिथल्या वाड्या-वस्त्या पायी फिरून बाटल्या, पत्रा, लोखंड गोळा करायच्या आणि मी बाजाराच्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो की माझ्या तराजूवर आणून ओतायच्या. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगी, मंदा. ती आणि जावई दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. सोजरबाई उंच, हाडापेराने भक्कम आणि तोंडाने त्याहून. मी टोचा उचलला की त्यांचं सुरू व्हायचं.

"आप्पा, कावून जीव घेता हो तिचा? लई चांगली बाटली हाय."

"चांगली हाय म्हणूनच. वाईट असती तर कुणी वापरलीच नसती."

"मी राखंनं घासलीय. चिंच लावलीय. वास घेऊन बघा, हाय का कायी?"

"वास गेला तरी औषध जात न्हाई, सोजरबाई. ते तेलात कालवलेलं असतंय. पाण्यानं धुतलं की दडून बसतंय, अन् तेल घातलं की भायेर येतंय."

"तुमाला लई कळतंय," म्हणून त्या तोंड फिरवायच्या. पण बाटल्या पुढे सरकवायच्या. सगळ्या नाही. काही त्या बाजारातल्या त्या दुसऱ्या माणसांना देतात हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना. त्यांच्यावर रागावण्याचा मला हक्क नव्हता. नेम आमच्या अण्णांचा होता आणि त्याचा तोटा त्यांच्या पदरात पडत होता.

एका दसऱ्यानंतर मंदा कारखान्यावर निघाली. बैलगाडीत संसार भरला. सोबत तिची मुलगी राणी, अजून शाळेतही न घातलेली. आईने लेकीला वाटेला तेल दिलं. लेकीला द्यायचं म्हणजे फुटका डबा कसा द्यायचा? सोजरबाईंनी गोळा केलेल्यातली सगळ्यात सुंदर बाटली काढली, राखेने घासली, चिंचेने घासली, उन्हात वाळवली, आणि तिच्यात करडीचं तेल भरून झाकण घट्ट लावलं. ही चूक त्यांनीच करण्यासारखी होती. ज्याच्या घरात बाटल्यांचा ढीग नसतो त्याला इतकी चांगली बाटली निवडता आली नसती.

पहिले काही दिवस घरातलं आधीचं तेल चाललं. ते संपल्यावर कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या तळावर एका संध्याकाळी मंदाने आईच्या तेलाची फोडणी दिली. त्या जेवणानंतर तिघांनाही उलट्या सुरू झाल्या, मग झटके. टोळीच्या मुकादमाने ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मंदा आणि जावई वाचले. राणी गेली.

हे मला पुढच्या बाजारी कळलं. सोजरबाई बाजारात आल्या नव्हत्या. मी टेम्पो उभा करून त्यांच्या घरी गेलो. मंदा भिंतीला टेकून बसली होती, तिला अजून नीट उभं राहता येत नव्हतं. सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, उठल्या, आत गेल्या आणि ती बाटली घेऊन आल्या. तेल ओतून दिलेलं होतं. जावई नदीत टाकायला निघाला होता, त्यांनी टाकू दिली नव्हती.

"हिला भोक पाडायचं ऱ्हायलंय," त्या म्हणाल्या. "टोचा आनलाय का?"

टोचा टेम्पोत होता. मी आणला. मी पाडतो म्हणालो, तर त्यांनी हात पुढे केला. उंबऱ्यावर बाटली आडवी धरून त्यांनी दगडाने टोच्यावर घाव घातला. भोक पडलं. त्यांनी दुसरं पाडलं, तिसरं पाडलं. मंदा म्हणाली, "आये, पुरं," तेव्हा त्या थांबल्या. धंदेवाल्या माणसाला सुचतं तेच मी केलं. खिशातून पैसे काढले आणि अखंड बाटलीचा भाव त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी पैसे मोजले आणि अर्ध्याहून जास्त परत केले.

"भोकाच्या बाटलीचा भाव द्या, आप्पा. तुमचा नेम मोडू नका."

परतीच्या वाटेवर मी टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा केला आणि रडलो. माझ्या नेमाचा मला अभिमान होता. त्या दिवशी तो नेम मला फार लहान वाटला. भोक पाडणं बरोबर होतं, पण त्याची किंमत मी नेहमी दुसऱ्याकडून वसूल करत आलो होतो, आणि ती सगळ्यात गरीब बाईकडून.

त्यानंतर काही महिन्यांनी पेपरात एक जाहीर सूचना आली. राज्य शासनाने कायद्याचा मसुदा केला होता. एकदा वापरून टाकून द्यायच्या बाटलीत, डब्यात, पिशवीत माल भरून विकणाऱ्या प्रत्येक कारखान्याने त्या रिकाम्या वस्तूच्या परतीसाठी शासनाकडे शुल्क भरायचं, आणि त्या पैशातून रिकाम्या वस्तू गोळा करणाऱ्याला मोल द्यायचं, असा त्याचा मतलब. हरकती आणि सूचना ऐकायला एक समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणार होती, बीडलाही येणार होती. मी ती सूचना पुन्हा पुन्हा वाचली. वाचकांना रुक्ष वाटेल, पण मला ती अण्णांच्या नेमाची राहिलेली बाजू वाटली. औषधाच्या बाटलीवर कारखान्याने शुल्क भरलं, तर भोक पाडलेल्या बाटलीला अखंड बाटलीचा भाव देता येईल. मग कुठली सोजरबाई भोक पाडू नका म्हणेल?

मी तलवाड्याला जाऊन हे सांगितलं तेव्हा सोजरबाई एवढंच म्हणाल्या, "मी बी येते." मी नको म्हणत होतो. त्यांनी ऐकलं नाही.

बीडच्या त्या सभागृहात पंखे होते, चहा होता आणि लोक बरेच होते. पिशव्यांचे व्यापारी आधी बोलले. शुल्क लागलं तर माल महाग होईल म्हणाले. एका औषध कंपनीचे प्रतिनिधी आले होते, मध्यम वयाचे, बोलायला मऊ. त्यांनी बाटलीवरचा लाल त्रिकोण आणि कवटीचं चित्र दाखवलं. मी उठून आमची रीत सांगितली आणि म्हणालो, भोक पाडलं की भाव जातो, म्हणून लोक पाडत नाहीत. त्या भावाची सोय या कायद्याने करावी. अध्यक्षांनी मान हलवली. मग सोजरबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला.

"माझी नात गेली साहेब, तेलातून. बाटली मीच दिलती. आप्पांनी मला धा डाव सांगितलं व्हतं, भोक पाडा म्हनून. मी न्हाई पाडलं. एवढंच सांगायचं व्हतं."

आणि त्या बसल्या. मी थक्क झालो. त्यांनी कंपनीवर, सरकारवर, कुणावरही बोट ठेवलं नाही. सगळं आपल्या अंगावर घेतलं. त्या तेवढंच बोलायला आल्या होत्या.

कंपनीच्या गृहस्थांचे डोळे ओले झाले होते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. त्यांनी बाईंबद्दल दुःख व्यक्त केलं आणि मग तितक्याच मऊ आवाजात म्हणाले, की बाईंना धोका माहीत होता, म्हणजे माहिती खाली पोचलेली आहे. वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली तर तिचं शुल्क कारखान्याने का भरावं? उपाय शुल्काचा नाही, प्रबोधनाचा आहे. अध्यक्षांनी नोंद घ्यायला सांगितलं. मी पुन्हा उठलो, पण वेळ संपली होती.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो असताना सोजरबाईंनी विचारलं, "मी चुकीचं बोलले का, आप्पा?"

"खरं बोललात."

"मंग तुमचं तोंड कावून उतरलंय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. शुल्क म्हणजे काय, ते कारखान्याने कशाला भरायचं, त्यातून भोकाच्या बाटलीला भाव कसा मिळाला असता, आणि त्यांच्या खरं बोलण्याचा उलटा उपयोग कसा झाला. लपवलं असतं तर बरं झालं असतं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्या ऐकत होत्या. गेवराईची गाडी लागली, त्यांना पोचवायला मीही चढलो, गाडी सुटून बरीच पुढे गेली.

"त्यांनी न्हाई भरली तर ती फी मी भरते," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"अखंड बाटलीचा भाव देऊन घरोघर मी घेते, अन् भोक पाडून तुमाला घालते. मधला तोटा माझ्याकडं."

मी म्हणालो, असं केलंत तर खाल काय? त्या म्हणाल्या, लोखंड हाय, काच हाय. मग मीही म्हणालो की त्या तोट्यातला अर्धा माझ्याकडे. त्यांनी आढेवेढे घेतले, पण मानलं. माझ्या थोरल्या मुलाने वर्षभर मला ऐकवलं, की बुडत्या धंद्यात हे दानधर्म कशाला. मी त्याला म्हणालो, दानधर्म नाही, कर आहे.

तो मसुदा पुढे गेला तो रोडावूनच. औषधाच्या बाटल्या हा दुसऱ्या खात्याचा विषय म्हणून वगळल्या, असं कळलं. मग उरलेलाही कुठे अडकला ते मला सांगता येणार नाही. तालुक्याच्या दुकानांत कवटीचं चित्र असलेली पोस्टरं मात्र आली.

सोजरबाई टोचा कमरेला खोचून फिरायला लागल्या. माझा त्यांनी मागून घेतला होता. मी दुसरा करवून घेतला, पण त्याला तसं टोक आलं नाही. त्या दारात उभ्या राहायच्या, औषधाची बाटली आहे का विचारायच्या, अखंडचा भाव बाईच्या हातावर ठेवायच्या आणि तिथेच उंबऱ्यावर घाव घालायच्या. बायका हळहळायच्या, चांगली बाटली फोडतेस म्हणायच्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "माजी झाली ती झाली, तुझी नगं." जास्त काही सांगत नसत. सांगायची गरजही राहिली नव्हती. बाजारात धुतलेल्या बाटल्या मांडणाऱ्यांनी आधी त्यांना शिव्या दिल्या, मग त्यांना माल मिळेना, मग ते दुसऱ्या बाजारी जायला लागले. तिकडे त्यांचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि हे मला टोचत राहतं. आम्ही काय ते एका गावापुरतं केलं.

मंदा पुन्हा ऊसतोडीला गेली नाही. आईबरोबर फिरायला लागली. काही वर्षांनी सोजरबाई थकल्या, अंथरुणाला लागल्या आणि एका उन्हाळ्यात गेल्या. मातीला मी गेलो होतो. टोचा मंदाकडे आला. तोवर जर्मनच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या होत्या. टोच्याला त्याचा फरक पडला नाही, उलट दगड मारावा लागेना.

मी दुकान मुलाच्या ताब्यात देऊन मोकळा झालो त्याच्या आसपास तलवाड्यात एक कार्यक्रम झाला. कंपन्यांनी आपणहून रिकाम्या बाटल्या गोळा करण्याची मोहीम काढली होती. शुल्क नव्हतं, पण मांडव होता. जुना व्यापारी म्हणून मलाही बोलावलं आणि खुर्ची दिली. फवारणीचा हंगाम संपला होता, लोक मोकळे होते, गर्दी चांगली जमली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या हस्ते पहिल्या बाटलीला भोक पाडून मोहिमेचं उद्घाटन व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक नवं यंत्र आणलं होतं, लाल दांड्याचं. फोटोवाला तयार होता. फक्त बाटली नव्हती. ती गावातच मिळेल असं संयोजकांनी धरलं होतं.

दोघंतिघं घरांकडे पळाले. एकाने बाटली आणली, तिला भोक होतं. दुसऱ्याने आणली, तिलाही होतं. तिसरा उकिरड्यावर जाऊन आला, रिकाम्या हाताने. पाहुण्यांना वाटलं की गावकऱ्यांनी उत्साहाच्या भरात सगळ्या सकाळीच फोडून ठेवल्या, ते हसून म्हणाले, "एखादी तरी आमच्यासाठी ठेवायची."

मंदा मांडवाच्या कडेला पोतं घेऊन उभी होती. ती पुढे आली.

"साहेब, तलवाड्यात न्हाई गावायची. घरोघर फिरलात तरी न्हाई. आमची आई येऊन गेलीय."

पाहुण्यांना ते कळलं नाही. गावातल्या बायकांना कळलं. त्यांच्यातली एक पदर तोंडाला लावून खाली बसली. मला खुर्चीत बसवेना, मी उठून उभा राहिलो. सोजरबाईंच्या मातीला जेवढं रडायला आलं नव्हतं तेवढं तिथे आलं.

शेवटी संयोजकांनी दुकानातून एक भरलेली बाटली विकत आणली, ती फवारणीच्या पंपात ओतून रिकामी केली, आणि उद्घाटन झालं. पेपरात फोटो आला त्यात मी आहे, पाहुणे आहेत, लाल दांड्याचं यंत्र आहे. मंदा नाही. ती पोतं उचलून शेजारच्या वस्तीवर गेली होती.